सागवानी दार, मांजर आणि रात्रीची झोप

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरात नवरा, सासूबाई, सात वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मांजर. मांजर पिल्लू असताना मुलानं शेतातल्या बंड्यावरून, म्हणजे गुरं-अवजारं ठेवायच्या कोठ्यावरून, आणली. कवेलूचं जुनं घर पाडून त्यांनी स्लॅबचं घर बांधलं, पण समोरचं सागवानी दार जुन्या घराचंच बसवलं. ते सासऱ्यांनी करवून घेतलेलं. संक्रांतीपासून मांजर रात्री दोन-तीनदा दाराशी ओरडते. ताई उठून दार उघडतात, तासाभरानं ती बाहेरून ओरडते, ताई पुन्हा उठतात. ‘बाहेर बोके बसलेले दिसले की मी दार उघडत नाही, मग ती रात्रभर घर डोक्यावर घेते. असं आठवडाभर चालतं, मग पंधरा-वीस दिवस बरी राहते.’ नवऱ्यानं दाराच्या खालच्या भागात बसवायचं मांजराचं झुलतं झडप, म्हणजे कॅट फ्लॅप, मोबाइलवरून मागवलं आहे. सासूबाईंचं म्हणणं, ‘मांजरासाठी बुढ्यानं केलेलं दार फोडता काय? दाराले भोक पाडलं का लक्ष्मी चालली जाते.’ ताई विचारतात: दार कापायचं, की मांजर परत बंड्यावर नेऊन सोडायची?

ताई,

तुमच्या पत्रात मांजरीबद्दल दीड पान आहे, दाराबद्दल एक पान आहे आणि स्वतःबद्दल एकच ओळ: ‘हरभरा सोंगताना विळा हातात असतो अन्‌ डोळे लागतात.’ मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस बोट तुटेल. म्हणून दार कापायचं की नाही हे ठरवताना तुमची झोप परत कशी येईल, हे आधी बघू. नुसतं भोक पाडून ती येणार नाही, असं मला वाटतं.

मांजर ओरडते कारण तिला बाहेर जायचं असतं, असं तुम्ही धरून चालला आहात. दार उघडल्यावर ती जातेही, त्यामुळे ते पटतं. पण तुमच्याच पत्रात दोन वेगवेगळ्या ओरडण्यांचं वर्णन आहे. एक रोजचं, दोनदा-तीनदा दाराशी येऊन केलेलं. दुसरं आठवडाभराचं, जीव तोडून केलेलं, जे पंधरा-वीस दिवस थांबतं आणि मग पुन्हा सुरू होतं. त्या दिवसांत ती फरशीवर लोळते, सारखी पायात येते, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर करते, असंही तुम्ही लिहिलं आहे. ताई, ती त्या दिवसांत माजावर असते. म्हैस माजावर आली की घरातल्या लहान पोरालाही कळतं, पण मांजरीच्या बाबतीत आपण ‘रडते’ म्हणून मोकळे होतो. मांजर साधारण सहाव्या महिन्यापासून, कधी त्याआधीही माजावर येते. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो तसा माजाला जोर चढतो आणि नर मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा माजावर येते. तुमच्या दाराशी बोके बसतात ते यासाठीच.

आता या अवस्थेत दाराला झडप बसवलं तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. ती बाहेर जाईल आणि बोके आत येतील. बोका आत आला की दाराच्या कोपऱ्यावर, धान्याच्या पोत्यावर, गादीवर मुताची धार मारतो, आणि तो वास आठ-आठ दिवस जात नाही. मांजरीचा गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला घरात तीन-चार पिल्लं असतील. त्यामुळे झडप कुठंही बसवा, त्याआधी तिचं ऑपरेशन करून घ्या. माझ्या सगळ्या उत्तरातलं एवढं एक केलंत तरी निम्म्या रात्री शांत होतील. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. तिथले डॉक्टर बहुतेक वेळ गाई-बैलांतच गुंतलेले असतात, मांजराच्या ऑपरेशनची सोय असेलच असं नाही. नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे फोन करून दिवस ठरवा आणि मगच निघा. न्यायला वेताची झाकणाची टोपली किंवा जाळीचा क्रेट घ्या, पोत्यात घालून नेऊ नका. त्याच खेपेला रेबीजची लस टोचून घ्या. बाहेर फिरणारी, कुत्र्या-मुंगसाशी भांडणारी मांजर आणि घरात सात वर्षांचं पोर, हे लशीशिवाय चालायचं नाही. ती दर वर्षी द्यावी लागते. मुलाला कधी चावली किंवा ओरखडली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

राहिलं रोजचं ओरडणं. ते मात्र खरंच दारासाठी आहे, आणि यात मांजरीची चूक नाही. जुन्या घरात हा प्रश्न कधी आला होता का, सासूबाईंना विचारा. कवेलूच्या घराला मांजराची वाट आपोआप असायची. भिंत आणि छपराच्या मधली फट, आड्याजवळचं एखादं सरकलेलं कवेलू, स्वयंपाकघरातलं धुराडं. मांजर रात्री कधी गेली, कधी आली, कोणाला पत्ता नसायचा. उंदरांच्या मागे ती आड्यावरून धावायची आणि सकाळी चुलीजवळ अंग चाटत बसलेली दिसायची. स्लॅब पडला, खिडक्यांना जाळ्या आल्या, दारं घट्ट झाली. माणसाला ते सोयीचंच झालं, पण मांजरीची वाट बुजली आणि त्या वाटेच्या जागी रात्री दोन वाजता तुम्ही उभ्या राहिलात. गावोगावी घरं बदलली तसा हा तंटा किती घरांत सुरू झाला असेल. तुमचं पत्र छापायला घेतलं ते त्यासाठीच.

म्हणून झडप हे शहरी फॅड आहे, असं सासूबाईंना वाटत असेल तर तसं नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात दिंडी असते. रात्री अवजड दरवाजा उघडायला नको म्हणून दारातच केलेलं छोटं दार. त्यानं कोणाची लक्ष्मी गेली नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये मोठ्या घड्याळाखालच्या दाराला मांजरासाठी गोल भोक पाडलेलं आहे, ते चारशे वर्षांपूर्वीचं. उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून देवळाच्या दाराला भोक पाडावंसं त्या लोकांनाही वाटलं होतं.

पण दिंडीची गोष्ट सांगून सासूबाईंना गप्प करावं, असं मी म्हणणार नाही. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा. ‘बुढ्यानं केलेलं दार’ हे शब्द आधी आले, लक्ष्मी नंतर आली. घर पाडलं तेव्हा कवेलू गेले, आढं गेलं, ओसरी गेली, चूल गेली. त्या घरातली एकच वस्तू त्यांच्यासमोर उभी आहे, आणि तिच्यावर रोज त्यांच्याच हातानं हळदीकुंकवाची बोटं उमटतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या दाराला करवत लावू नका. माझं मत यात पक्कं आहे. जुन्या सागवानाची जाड फळी आता पैसे टाकूनही तशी मिळत नाही, आणि उभ्या फळ्या आडव्या पट्ट्यांवर ठोकलेलं दार मधोमध कापलं की फळ्या सैल होतात. तुमच्याकडे पर्याय असताना ते नुकसान कशाला करून घ्यायचं? त्याऐवजी सासूबाईंना विचारा, ‘आई, मांजराची वाट कुठून काढायची?’ ज्या बाईनं चाळीस वर्षं घरात मांजर बघितली तिला त्याचं उत्तर ठाऊक असेल. आणि जागा त्यांनी दाखवली तर पुढची अर्धी कटकट राहणार नाही.

माझ्या नजरेसमोर जागा आहे ती तुमची मागची खोली. तिथे तूर आणि न विकलेला कापूस असतो, मागे पत्र्याचं दार आणि त्याच्या बाजूला दोन पल्ल्यांची लहान खिडकी आहे, असं तुम्ही लिहिलंत. उंदीर तिथेच, मग मांजरही तिथेच हवी. पत्र्याचं दार कापू नका. कापलेल्या पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते, आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याला आपण बोट लावू शकत नाही, तिनं पोट घासत कसं जायचं? खिडकीचा एक पल्ला काढा, त्या मापाची प्लायवूडची फळी बसवा आणि झडप तिच्यात लावा. जुना पल्ला माळ्यावर जपून ठेवा. जमलं नाही तर अर्ध्या तासात खिडकी होती तशी होईल. मांजर तीन-साडेतीन फूट सहज उडी मारते, तरी बाहेरून एखादी वीट-दगडाची पायरी दिली तर म्हातारपणी तिला बरं पडेल.

खिडकीवर माझा इतका जोर आहे तो सापामुळे. हे झडप विकताना दाखवतात ती घरं थंड मुलखातली असतात. तिथे जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, मांजराच्या पोटाच्या उंचीला भोक ठेवतात आणि ते बरोबरही आहे. आपल्याकडे नाग, घोणस आहेत आणि सगळ्यात भीतीची मण्यार आहे. ती रात्री फिरते, उंदरांच्या मागे घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा जाणवतही नाही. प्लॅस्टिकचं हलकं झडप तिला अडवेल या भरवशावर कोणी राहू नये. साप भिंतीवर चढतच नाही असं मी म्हणत नाही, पण उंबऱ्याला लागून असलेली वाट आणि छातीइतक्या उंचीवरची वाट यांत फार फरक आहे. खिडकीला टेकलेल्या फांद्या, वेल, तुऱ्हाटीचा ढीग असेल तर तो मात्र हलवा. मागच्या खोलीतून घरात येणारं मधलं दार रात्री लावून घ्या, त्याच्याखालची फट पट्टी मारून बुजवा, त्या खोलीत पहाटे जाताना बॅटरी घ्या. आणि झडप असो-नसो, पोराला खाली झोपवू नका. बाजेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. कोणाला काही चावल्याचा नुसता संशय आला तरी थेट सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं.

त्या खोलीची आणखी एक गोष्ट, आणि ही मी कळकळीनं सांगते. तुरीत किडीसाठी सल्फासच्या गोळ्या ठेवता का? उंदरांसाठी औषध टाकता का? मग तिथे मांजर ठेवता येणार नाही. सल्फासच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्यानं विषारी वायू सुटतो. झोपायच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत ती माणसांसाठीही ठेवू नये. औषध खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला तर मांजरही मरू शकते. औषध किंवा मांजर, यांपैकी एकच निवडावं लागेल. तूर चांगली वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत भरा आणि उंदीर मांजरीवर सोडा.

कापसाचा मोकळा ढीग असेल तर ती त्याच मऊ जागेवर झोपेल, कदाचित मुतेलही, आणि केस लागलेल्या, ओलावलेल्या कापसाला व्यापारी भाव पाडून मागेल. ढिगावर ताडपत्री घाला, किंवा कापूस गेल्यावरच झडपाचं काम काढा.

झडप घेताना दोन प्रकार दिसतील. एक साधं, कोणतंही जनावर ढकलून आत येईल असं. दुसरं मांजरीच्या पट्ट्यातल्या चुंबकानं किंवा कातडीखाली टोचलेल्या चिपनं उघडणारं. चुंबकाचा पट्टा खेड्यात मला पटत नाही. खिळे, तारेचे तुकडे त्याला चिकटतात आणि कुंपणात पट्टा अडकला तर मांजर लटकते. चिपवालं चांगलं, शेजारचा बोका आत येत नाही, पण महाग आणि सेलवर चालणारं. तुम्हाला साधं पुरेल, फक्त त्याला आतून लावायची खिट्टी हवी. गावातल्या वाढयाकडूनही, म्हणजे सुताराकडूनही, ते होतं: प्लायवूडमध्ये १५ ते १८ सेंटिमीटरचं चौकोनी भोक, कडा घासून गुळगुळीत, वरून दोन आकड्यांवर दोन्हीकडे हलणारी पातळ फळी, किंवा मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, आणि आतून फिरवायची लाकडी खिट्टी. ट्यूब असेल तर रात्री लावायला मागे एक सरकती फळी द्या. भोक दाराच्या कडीपासून हातभर लांब असू द्या. माणसाचा हात आत येतो आणि वानराचाही. पावसाची झड आत येऊ नये म्हणून वर पत्र्याची छोटी पडवी काढा.

बसवलं म्हणजे ती लगेच जाईल असं नाही. पहिला आठवडा फळी वर बांधून ठेवा आणि भोक उघडं राहू द्या. आत सुकटीचे चार तुकडे किंवा माशाचं डोकं ठेवा. दूध नको, मोठ्या मांजराला दुधानं पुष्कळदा हगवण लागते. मग फळी अर्धी सोडा, मग पूर्ण. हातानं तिला आत ढकललं की ती त्या भोकाला कायमची भिते. मुलाला हे काम द्या, त्याची मांजर आहे आणि त्याच्याइतका धीर मोठ्यांना नसतो.

दिवसा झडप मोकळं, रात्री खिट्टी लावलेलं, अशी माझी शिफारस आहे. कुत्र्यांच्या टोळ्या रात्री फिरतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांच्या गावांत तर बिबट्या अंगणापर्यंत येतो. रात्री बंद ठेवायचं तर तिची सोय आत हवी: मागच्या खोलीत घमेल्यात माती किंवा रेती, पाण्याचं भांडं, आणि तुम्ही झोपायच्या आधी शेवटचं पोटभर जेवण. त्याआधी दहा मिनिटं सुतळीला चिंधी बांधून पोरानं तिला पळवलं तर फार चांगलं. खाऊन, खेळून मांजर झोपते. पहिल्या चार-सहा रात्री ती तरीही ओरडेल. तेव्हा उठून दार उघडलंत तर ओरडलं की दार उघडतं हे तिच्या डोक्यात आणखी पक्कं होईल.

आणि त्या चार-सहा रात्री नवऱ्यानं मधल्या दाराजवळ झोपावं. ‘यांना जाग येत नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे. ओलिताची लाइट रात्री येते तेव्हा मोटर सुरू करायला त्यांना जाग येतेच. त्यांनी झडप मागवलं म्हणजे तुमचा त्रास त्यांना दिसतो आहे, तेव्हा भांडण न करता सरळ सांगा: ‘तुम्ही आणलं ते चांगलंच केलं, आता आठवडाभर रात्री मांजर तुमच्याकडे.’ सून म्हणून रात्री उठणं तुमच्याकडे आपोआप आलं आहे, ते कोणी ठरवून दिलेलं नाही. सोंगणी संपेपर्यंत तरी तुम्हाला अखंड झोप मिळायलाच हवी, आणि हे मागताना अवघडून जाऊ नका.

बंड्यावर सोडण्याचा विचार मनातून काढून टाका. दीड वर्ष घरात जेवलेली मांजर रानात फार दिवस काढत नाही, ती उपाशी राहील किंवा वाटेत कुत्र्यांच्या तोंडी जाईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला असं उपाशी मरायला सोडून देणं गुन्ह्यात मोडतं. त्याहून मोठं म्हणजे तुमच्या मुलानं तिला तिथूनच छातीशी धरून आणलं होतं.

झडपाचं पार्सल येईल तेव्हा लगेच खोलू नका. किती जाडीच्या फळीला ते बसतं हे खोक्यावर लिहिलेलं असतं. सागवानी दाराच्या जाडीला ते बहुधा पुरणारच नाही, प्लायवूडला बसेल. मांजरीच्या छातीचं माप दोरीनं घेऊन भोकाशी ताडून बघा. लहान पडलं तर परत पाठवा आणि वाढयाला बोलवा. ऑपरेशनचा दिवस मात्र या आठवड्यातच ठरवा, पुढचा माज यायच्या आत.